लिफ्ट सर्वांत शेवटी घ्या

मारेगावच्या हार्डवेअर दुकानांत कब्जे, प्लाय, फेविकॉल, अगदी कार्बाइडचे बिटही मिळतात. टेबलाखाली टांगलेल्या राउटरची उंची वरून लावून देणारी राउटर लिफ्ट मात्र मोबाइलवरूनच मागवावी लागते. जी वस्तू हातात घेऊन पाहता येत नाही, तिच्या जाहिरातीवर भिस्त ठेवावी लागते. मी मागवलेल्या लिफ्टच्या जाहिरातीत ‘सर्व राउटरला चालते’ असं ठसठशीत लिहिलं होतं. पेटी उघडली, तर मोटर धरायचं कडं ६५ मिलिमीटरचं. एवढ्या अंगाचा राउटर म्हणजे छोटा ट्रिमर. आपल्याकडे बहुतेक सुतारांजवळ असतो तो प्लंज राउटर, दोन खांबांवर वरखाली होणारा. त्याचं अंग कुठल्याच गोल कड्यात बसत नाही. विकणाऱ्याने परत घ्यायला बरीच टाळाटाळ केली.

म्हणून आधी राउटर ठरवा. अमेरिकी लिफ्टा साधारण साडेतीन इंची किंवा ४.२ इंची गोल मोटरसाठी बनतात; तसे राउटर आपल्याकडे सहज मिळत नाहीत. विकणाऱ्याकडून कड्याचा आतला व्यास मिलिमीटरमध्ये लिहून घ्या आणि मोटर कॅलिपरने मोजा. टेबलात बसणाऱ्या लिफ्टच्या प्लेटचंही तेच. सव्वानऊ बाय पावणेबारा इंच हे माप जास्त चालतं, पण प्लेट हातात आल्याशिवाय टेबलाला खिडकी कापू नका.

लिफ्टचा खरा फायदा कळतो तो दाराच्या पॅनेलची कड काढताना. राउटर टेबलाखाली उलटा टांगला की त्याचं वजन खाली ओढतं आणि प्लंजची स्प्रिंगही खालीच ढकलते. मग केसभर उंची वाढवायला गुडघ्यावर बसून अंदाजपंचे ढकलाढकली. लिफ्टमध्ये मोटर आट्याच्या दांड्यावर चढते आणि वरून हँडल फिरवलं की भागतं. आटे इंचाला सोळा असतील तर एका फेऱ्यात बिट १.६ मिलिमीटर वर येतो, पाव फेऱ्यात ०.४. त्यामुळे जाड कड तीन-चार थरांत काढायचा आळस येत नाही. शेवटचा थर अर्ध्या मिलिमीटरचा ठेवला की सँडपेपरचं काम निम्मं होतं.

उंची लावताना शेवटची हालचाल वरच्या दिशेने करा. खाली आणून थांबलात, तर मोटर धरणारा गाडा लिफ्टच्या खांबांवर अडकून राहतो आणि मोटर थरथरली की खाली बसतो. मग पहिली पट्टी आणि दहावी पट्टी जुळत नाही. उंची लागली की लॉक घट्ट करा.

काही जण लिफ्टऐवजी राउटरखाली गाडीचा सिझर जॅक लावतात. खाच पाडायला तो चालतो, मीही वापरलेला आहे. पण त्यावर मोटर तिरकी चढते, आणि सांध्याच्या कामात ते दिसतं.

आता लाइनचं. टेबलाखालच्या राउटरचा खटका दाबून धरता येत नाही, म्हणून तो लॉक करून ठेवतात आणि भिंतीच्या बटनावर मशीन चालवतात. आमच्याकडे दुपारी लाइन गेली, कामावरचा पोरगा प्लेटवरचा भुसा झाडायला पुढे झाला आणि लाइन आली. ब्रशचे केस उडाले, बोटं वाचली. लिफ्टमुळे हा धोका वाढतो, कारण हँडलचं भोक बिटापासून वीतभरही लांब नसतं. शेतातल्या पंपाला लोक मुद्दाम ऑटो बसवतात, लाइन आली की मोटर आपोआप सुरू व्हावी म्हणून. राउटरला याच्या नेमकं उलट हवं: नो-व्होल्ट स्विच, जो लाइन गेली की पडतो आणि हिरवं बटन दाबेपर्यंत उठत नाही. लिफ्टच्या किमतीपुढे तो काहीच नाही. माझं मत विचाराल तर पैसे कमी असतील तेव्हा आधी स्विच, मग चांगला राउटर, लिफ्ट सर्वांत शेवटी. आणि स्विच असला तरी बिट बदलताना प्लग काढायचाच.

वेगाकडेही लक्ष हवं. पॅनेलचा ८० मिलिमीटरचा बिट मिनिटाला २४,००० फेऱ्यांवर फिरवला, तर त्याची धार ताशी ३६० किलोमीटरने धावते. असा बिट १०-१२ हजारांवरच, आणि तोही ताकदीच्या राउटरवर. ट्रिमरला तो लावू नये. टेबलावर बिट वरून पाहता घड्याळाच्या उलट फिरतो, त्यामुळे लाकूड उजवीकडून डावीकडे सरकवायचं. बिट आणि फेन्स यांच्या फटीतून पट्टी कधीच घालायची नाही. ती गोळीसारखी सुटते.

आपल्या भागातला सागवान नावाजलेला. अयोध्येच्या राममंदिरासाठी २०२३ मध्ये लाकूड बल्लारशाहूनच गेलं. पण सागात सिलिका असते आणि ती धार लवकर खाते. बोथट बिट लाकूड जाळतो, काळी रेघ सोडतो, आणि आपण उगाच लिफ्ट हलते म्हणून आटे कसत बसतो. आधी धार पाहा. सागाचा भुसा तेलकट, तो दांड्याच्या आट्यांत चिकटतो. तिथे ग्रीस लावू नका, कोरड्या ब्रशने झाडा.

बिट घेताना दांड्याचं मापही विचारा. बाजारात ६ मिलिमीटर आणि पाव इंच, १२ मिलिमीटर आणि अर्धा इंच एकाच डब्यात पडलेले असतात. पाव इंच म्हणजे ६.३५. सहाचा बिट पाव इंची कॉलेटमध्ये सहज जातो, नट आवळल्यावर पकडल्यासारखाही वाटतो आणि चालू असताना वर सरकतो. कॉलेटवर कोरलेला आकडा वाचा, आणि बिट तळाला टेकवून मग दोन-तीन मिलिमीटर वर उचलूनच नट आवळा.