अधोजत्रुक रोहिणी

गळपट्टीच्या हाडाच्या मध्याच्या किंचित वर जो खळगा असतो त्यात बोट ठेवून खाली दाबले, तर खोलवर एक ठोका जाणवतो. हा ठोका अधोजत्रुक रोहिणीचा होय. जत्रुक म्हणजे गळपट्टीचे हाड, त्याच्या खालून जाणारी ती अधोजत्रुक. नाव थोडे फसवे आहे, कारण या रोहिणीची कमान प्रत्यक्षात हाडाच्याही वर, मानेच्या तळाशी पोचलेली असते.

उजव्या व डाव्या बाजूंच्या रोहिण्यांचा उगम सारखा नाही. डावी रोहिणी महारोहिणीच्या कमानीपासून थेट निघते. उजवी मात्र बाहुशीर्ष नावाच्या आखूड, जाड रोहिणीची शाखा आहे. पुढे दोहोंचा मार्ग एकच. फुप्फुसाच्या शेंड्यावरून वळून ती पहिल्या बरगडीवर येते आणि त्या हाडावर तिची उथळ खाच उमटलेली असते. बरगडीला चिकटलेल्या अग्र विषमभुज स्नायूच्या मागून रोहिणी व हाताकडे जाणारे मज्जातंतू जातात, तर तिची सोबतीण नीला स्नायूच्या पुढून जाते. जागा इतकी अरुंद आहे की एखाद्यास मानेत जन्मतःच जादा बरगडी असल्यास रोहिणी दबून हात गार पडू शकतो. याच जागी एक सोयही आहे. खांद्याजवळच्या जखमेतून रक्त भळभळत असेल, तर रोहिणी बरगडीवर दाबून ते रोखता येते. बरगडीची बाहेरची कड ओलांडली की तीच कक्षा रोहिणी म्हणवते.

ही केवळ हाताची रोहिणी आहे असे समजणे मात्र चूक ठरेल. तिची कशेरुक शाखा मानेच्या मणक्यांतील छिद्रांमधून वर चढून मेंदूच्या मागील भागास रक्त पुरवते. अंतर्वक्ष शाखा उरोस्थीच्या कडेने खाली उतरते. हृदयाच्या चोंदलेल्या रोहिणीला पर्यायी वाट करून देण्यासाठी आज शस्त्रवैद्य तिचाच उपयोग करतात. इतर शाखा अवटू ग्रंथी, मान आणि खवाटा यांकडे जातात.

कशेरुक शाखा फुटण्यापूर्वीच रोहिणी चोंदली, तर एक विलक्षण प्रकार घडतो. हाताला रक्त कमी पडते, आणि कशेरुक रोहिणीतील प्रवाह उलटा फिरून मेंदूकडचे रक्त हातात उतरू लागते. अशा रुग्णाला हाताने जोराचे काम करताना घेरी येऊ शकते. दोन्ही हातांतील रक्तदाबात मोठी तफावत आढळली, तर वैद्याला या विकाराची शंका येते.

खवाट्याभोवती, छातीच्या भिंतीत व मानेत या शाखा इतर रोहिण्यांच्या शाखांना मिळालेल्या असतात. त्यामुळे मुख्य वाट तोडली तरी रक्त आडवाटांनी हातात पोचते. २९ नोव्हेंबर १९४४ रोजी अमेरिकेतील जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयात झालेली शस्त्रक्रिया याच आधारावर उभी होती. हृदयातील जन्मजात दोषामुळे फुप्फुसांना पुरेसे रक्त न मिळून काही बालकांचे अंग निळे पडते. अशांसाठी फुप्फुसाकडे रक्ताची नवी वाट काढावी, ही कल्पना हेलन टाउसिग यांची. आल्फ्रेड ब्लॅलॉक यांनी सव्वा वर्षाच्या एका मुलीची डावी अधोजत्रुक रोहिणी कापून ती डाव्या फुप्फुस रोहिणीला जोडली. कुत्र्यांवर प्रयोग करून ही जोडणी हातोटीची करणारे व्हिव्हियन थॉमस त्या वेळी ब्लॅलॉक यांच्या मागे उभे राहून सूचना देत होते. ते कृष्णवर्णीय होते, त्यांच्याजवळ पदवी नव्हती, आणि त्यांच्या वाट्याचे श्रेय बरीच वर्षे कोणी उच्चारले नाही. १९७६ मध्ये त्याच संस्थेच्या विद्यापीठाने त्यांना सन्माननीय डॉक्टरेट दिली.

ती मुलगी पुढे काही महिनेच जगली; पण नंतर हजारो बालकांना या शस्त्रक्रियेने आयुष्य दिले. पुढे रोहिणी न तोडता कृत्रिम नळीने जोडणी करण्याची पद्धत रूढ झाली. जुन्या पद्धतीने शस्त्रक्रिया झालेल्यांचा त्या बाजूचा हात वाचला, तरी त्याच्या मनगटावरील नाडी क्षीणच राहत असे, आणि रक्तदाब दुसऱ्या हाताचा घ्यावा लागे.