बटण उशिरा का दाबलं?

चि. सायली,

तुझ्या प्रबंधाचा सिनॉप्सिस वाचला. ध्वनिफीत ऐकवायची आणि पुरुष मर्यादा ओलांडतोय असं वाटताच बटण दाबायला सांगायचं, ही पद्धत मार्क्स आणि ग्रॉस यांनी १९९५ मध्ये वापरली. विल्सन, कॅल्हून आणि बर्नाट यांच्या १९९९ च्या अभ्यासात वारंवार अत्याचार सोसलेल्या स्त्रियांनी बटण उशिरा दाबलं. नंतरच्या काही अभ्यासांत तो फरक दिसलाच नाही. तू मात्र उशीर म्हणजे धोका न कळणं, असं गृहीतच धरलं आहेस. धोका जाणवणं एक आणि तसं म्हणायला धजणं दुसरं. सेकंदांच्या सरासरीत दोन्ही एकत्र कालवली जातात. समज, एकीने धोक्याच्या प्रसंगांपैकी ८० टक्के ओळखले आणि निरुपद्रवी प्रसंगांपैकी २० टक्क्यांना धोकादायक म्हटलं. दुसरीचे आकडे ९५ आणि ५०. नुसते ओळखलेले धोके मोजलेस तर दुसरी तल्लख ठरेल. पण रडारच्या कामातून पुढे आलेल्या सिग्नल डिटेक्शनच्या गणिताने दोघींची पारख जवळपास सारखीच निघते, १.६८ आणि १.६४, फरक आहे तो उंबरठ्याचा, म्हणजे किती संशय आला की ‘धोका’ म्हणायचं त्याचा. म्हणून निरुपद्रवी प्रसंगही हवेतच, एका फितीवर हे कळणार नाही. (आणि ज्यांनी बटण दाबलंच नाही त्यांना फितीची पूर्ण लांबी देऊन सरासरीत कोंबू नकोस, त्या नोंदी सेन्सर्ड, म्हणजे अपुऱ्या, आहेत, तिथे सर्व्हायव्हल अ‍ॅनालिसिसच हवं.)

व्हायवात कुणीतरी विचारेलच, की बाईची पारख मोजणं म्हणजे दोष तिच्याच पदरात टाकणं नव्हे का? शंका रास्त आहे. गुन्हा करणाऱ्याचाच असतो, कुठल्याही गणिताने तो हलत नाही. पण दोष चिकटतो तो ‘तिला कळलंच नाही’ या वाचनातून, आणि उंबरठा वेगळा काढला की तेच वाचन डळमळतं. आपल्याकडे राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या आकडेवारीत बलात्काराच्या नव्वद टक्क्यांहून अधिक प्रकरणांत आरोपी ओळखीचाच असतो. दीर किंवा क्लासचे सर यांच्याबद्दल संशय बोलून दाखवला आणि तो खोटा ठरला, तर घरीदारी काय ऐकावं लागतं, हे तुला सांगायला नको. अशा ठिकाणी उंबरठा उंच असणं हा बुद्धीचा दोष कसा? शार्लीन सेन यांच्या कॅनडातल्या प्रशिक्षणात ओळखीच्या माणसाकडूनचा धोका स्वतःशी मान्य करण्यातल्या अडसरावर वेगळं सत्र आहे. ८९३ विद्यार्थिनींच्या त्या चाचणीत (२०१५) वर्षभरात बलात्काराचं प्रमाण प्रशिक्षित गटात ५.२ टक्के होतं, दुसऱ्या गटात ९.८. हे श्रेय अख्ख्या प्रशिक्षणाचं, त्या एका सत्राचं नव्हे; प्रबंधात तसंच लिही.

फितीवरचा प्रसंग खरा नसतो, हा आक्षेप मला अधिक जड वाटतो. त्याला पुरतं उत्तर नाही, निष्कर्ष आखडता घेणं एवढंच हाती आहे. शिवाय उंबरठा अत्याचारानंतर बदललेला असू शकतो. एकाच वेळच्या पाहणीतून आधी काय आणि मागाहून काय हे ठरत नाही. सहभागींना माघार घ्यायची मुभा आणि समुपदेशनाची सोय संमतिपत्रात घातली आहेस, ते चांगलं केलंस.

निरुपद्रवी प्रसंग किती घेणार ते ठरवून सुधारित तक्ता पाठव, मग नमुन्याच्या आकाराचं बघू.

तुझी,
आत्या