शिक्षकांना भेट काय द्यावी?



निकालाचे दिवस आले, की आपल्या वस्तीत एक प्रश्न हमखास निघतो. मुलगा दहावी पास झाला, मुलीला नर्सिंगला प्रवेश मिळाला, धाकट्याला वाचता येऊ लागले. हे ज्यांच्यामुळे घडले त्या गुरुजींना, बाईंना काय द्यावे? कोणी म्हणते शाल-श्रीफळ द्या. कोणी म्हणते पाकिटात पैसे घालून द्या. कोणी उसनवारी करून घड्याळ किंवा साडी आणते. कोणी ऐपत नाही म्हणून काहीच देत नाही, शरमेने शाळेकडे फिरकतही नाही.

प्रश्न लहान दिसतो. परंतु कोणाला काय द्यावे, कसे द्यावे आणि कशासाठी द्यावे, यावरून माणसाची समज कळते. आपण धम्म स्वीकारला तो नुसता वंदनेपुरता नाही. घरातील देणे-घेणेही धम्माला धरून व्हावे लागते. म्हणून या पाठात आपण शिक्षकांच्या भेटीचा विचार करू.

गुरुदक्षिणेची जुनी रीत

गुरुदक्षिणा म्हटली की एकलव्याची गोष्ट सांगितली जाते. महाभारताच्या आदिपर्वातील ही कथा तुम्हाला ठाऊक आहे. निषादाचा मुलगा म्हणून द्रोणाचार्यांनी त्याला शिकविण्यास नकार दिला. त्याने मातीचा पुतळा करून स्वतःच्या मेहनतीने विद्या मिळविली. ती विद्या अर्जुनाहून वरचढ ठरते असे दिसताच द्रोणाने गुरुदक्षिणा म्हणून त्याच्या उजव्या हाताचा अंगठा मागितला, आणि त्याने तो कापून दिला.

ही गोष्ट गुरुभक्तीचा आदर्श म्हणून पिढ्यान्‌पिढ्या सांगितली गेली. आपण ती नीट तपासून पाहू. ज्याने शिकविलेच नाही त्याने मोबदला मागितला. मोबदला असा मागितला की मिळविलेली विद्याच निकामी व्हावी. आणि शिष्याने ‘का?’ असे विचारलेही नाही. एकलव्याची निष्ठा खरी होती, पण त्या निष्ठेचा उपयोग त्याच्याच विरुद्ध करण्यात आला. ज्या देण्याने देणारा खुरटतो ते देणे धम्मात बसत नाही. पोटाला चिमटा काढून, कर्ज काढून गुरुजींना भेट देणारे आईबाप नकळत अंगठाच कापून देत असतात.

तथागतांनी काय सांगितले?

दीघनिकायात सिगालोवाद सुत्त आहे. गृहस्थाने कसे वागावे हे त्यात सांगितले असल्याने प्रत्येक बौद्ध घराने ते समजून घ्यावे. राजगृहातील सिगाल नावाचा तरुण वडिलांच्या सांगण्यावरून रोज सकाळी ओल्या वस्त्रांनी सहा दिशांना नमस्कार करीत असे. तथागतांनी त्याला दिशांचा खरा अर्थ सांगितला. पूर्व म्हणजे आईवडील, दक्षिण म्हणजे आचार्य, पश्चिम म्हणजे पत्नी व मुले, उत्तर म्हणजे मित्र व सोबती, खालची दिशा म्हणजे सेवक व कामगार आणि वरची दिशा म्हणजे श्रमण. या माणसांशी नीट वागणे हीच दिशांची पूजा.

शिष्याने आचार्यांशी पाच प्रकारे वागावे असे तेथे सांगितले आहे :

१. ते आले असता उठून त्यांचा आदर करावा.
२. त्यांच्याजवळ जावे, त्यांच्या उपयोगी पडावे.
३. शिकण्याची मनापासून इच्छा ठेवावी.
४. त्यांची सेवा करावी.
५. ते जे शिकवितात ते आदराने, नीट लक्ष देऊन ग्रहण करावे.

या पाचांत सोने नाही, कपडा नाही, पाकीट नाही. ज्यासाठी बाजारात जावे लागेल असे एकही देणे नाही. पाचांपैकी दोन तर अभ्यासाविषयीच आहेत. म्हणजे मन लावून शिकणे हीच शिष्याची पहिली भेट.

आणि सुत्त येथेच थांबत नाही. आचार्यांनीही शिष्याशी पाच प्रकारे वागावे, असे तथागत सांगतात. त्याला चांगले वळण लावावे. शिकविलेले त्याला पक्के समजेल असे करावे. हातचे काही राखून न ठेवता सगळी विद्या द्यावी. आपल्या मित्रमंडळीत त्याच्याविषयी चांगले बोलावे. आणि तो कोठेही गेला तरी सुरक्षित राहील अशी त्याची तयारी करावी. गुरूचेही कर्तव्य आहे, हे द्रोणाच्या गोष्टीत कोठे दिसते काय? या सुत्तात गुरु-शिष्याचे नाते दोन्ही बाजूंनी बांधलेले आहे, आणि त्यात जातीला जागा नाही.

उपकार जाणणारी माणसे

जगात दोन प्रकारची माणसे दुर्मिळ आहेत, असे अंगुत्तरनिकायात सांगितले आहे. एक, जो आपण होऊन दुसऱ्यावर उपकार करतो. दुसरा, जो झालेला उपकार जाणतो आणि कृतीने व्यक्त करतो. पालीत त्याला कतञ्ञू-कतवेदी म्हणतात. नुसते जाणून भागत नाही, ते व्यक्त झाले पाहिजे.

संबोधीनंतर हा धम्म प्रथम कोणाला सांगावा, असा विचार तथागतांच्या मनात आला, तेव्हा त्यांना आपले जुने आचार्य आळार कालाम आणि उद्दक रामपुत्त आठवले. दोघांच्याही शिकवणुकीने त्यांचे समाधान झाले नव्हते, दोघांनाही सोडून ते पुढे गेले होते. तरीही आठवण झाली ती त्यांचीच. पण आळार कालाम सात दिवसांपूर्वी आणि उद्दक रामपुत्त आदल्याच रात्री निवर्तले होते. सारिपुत्तांना धम्माचा पहिला बोध अस्सजी भिक्खूंकडून झाला. पुढे सारिपुत्त संघात अग्रस्थानी पोचले, तरी अस्सजी ज्या दिशेला असतील त्या दिशेला वंदन करून, तिकडेच डोके करून ते झोपत, असे अट्ठकथा सांगते.

परमपूज्य बाबासाहेबांचे जीवन पाहा. विद्यार्थिदशेत त्यांच्या सत्काराच्या सभेत दादा केळुसकर या शिक्षकांनी त्यांना स्वतः लिहिलेले बुद्धचरित्र भेट दिले. ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथासाठी लिहिलेल्या प्रस्तावनेत बाबासाहेबांनी त्या भेटीची आठवण नोंदविली. एका शिक्षकाने दिलेले एक पुस्तक कोठवर पोचले, ते आपण १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरला पाहिले.

बाबासाहेबांनी ऋण कसे फेडले? सयाजीराव गायकवाडांनी त्यांच्या शिक्षणाला साहाय्य केले होते. १९२५ साली ब्रिटिश हिंदुस्थानातील प्रांतिक अर्थव्यवस्थेवरील आपला ग्रंथ बाबासाहेबांनी त्यांना अर्पण केला. कोलंबिया विद्यापीठातील प्राध्यापक जॉन ड्यूई हे आपले गुरू आणि त्यांचे आपल्यावर मोठे ऋण आहे, हे त्यांनी १९३६ साली ‘जातिप्रथेचे विध्वंसन’मध्ये उघडपणे लिहिले. मिळालेल्या विद्येतून नवी विद्या उभी करणे, ही त्यांची गुरुदक्षिणा होती.

१९५२ साली ५ जून रोजी कोलंबिया विद्यापीठाने बाबासाहेबांना सन्माननीय पदवी दिली. त्या प्रवासात ड्यूईंना भेटण्याची त्यांना आस होती. पण १ जून रोजीच ड्यूई वारले. आळार कालाम आणि ड्यूई, दोन्ही प्रसंगांतून एकच धडा मिळतो. ज्यांचे आभार मानायचे आहेत त्यांचे आज माना.

भेट पारखण्याच्या पाच कसोट्या

सज्जनाचे दान कसे असते, हे अंगुत्तरनिकायात पाच गोष्टींनी सांगितले आहे. शिक्षकांसाठी कोणतीही भेट निवडताना ती या पाच कसोट्यांवर घासून पाहा.

पहिली, श्रद्धेने. आपण का देतो हे मनाशी स्पष्ट असावे. शेजाऱ्याने दिले म्हणून देणे ही श्रद्धा नव्हे.

दुसरी, आदराने. भेट मुलाने स्वतःच्या हाताने, दोन शब्द बोलून द्यावी. शिपायाच्या हाती पाठवू नये.

तिसरी, योग्य वेळी. परीक्षेच्या आधी, गुण देण्याच्या आधी किंवा प्रवेशाच्या आधी दिलेली वस्तू भेट राहत नाही, तिला लाच म्हणतात. निकाल हाती आल्यावर, वर्ष संपल्यावर द्यावे. ३ जानेवारी हा सावित्रीमाईंचा जन्मदिवस, तथागतांनी पहिला उपदेश केला ती आषाढी पौर्णिमा आणि ५ सप्टेंबरचा शिक्षकदिन हेही योग्य दिवस आहेत.

चौथी, मोकळ्या मनाने. दिल्यावर मनात हिशेब राहू नये. ‘एवढे दिले, तरी पोराला पहिल्या बाकावर बसविले नाही’ असे जो म्हणतो त्याने दान केले नाही, सौदा केला.

पाचवी, स्वतःला आणि दुसऱ्याला इजा न करता. घरातील रेशन, आजारपण, मुलांच्या वह्या यांचे पैसे भेटीत घालू नका. बचत गटातून यासाठी कर्ज घेऊ नका. आणि दुसऱ्याची इजा म्हणजे काय, तेही ओळखा. तुमच्या मुलाने वर्गात सर्वांसमोर महागडी वस्तू दिली, तर शेजारी बसलेल्या मजुराच्या मुलाची मान खाली जाते. म्हणून वर्गातील पालकांनी मिळून, ज्याला जेवढे जमेल तेवढे घालून, सर्वांच्या नावाने एकच भेट द्यावी हे उत्तम. कोणी किती दिले याची यादी वाचू नये.

मग द्यावे काय?

पत्र द्या. शिक्षकांनी नेमके काय केले ते मुलाने स्वतःच्या अक्षरात लिहावे. ‘तुम्ही फार चांगले आहात’ एवढ्याने भागत नाही. ‘मला भागाकार येत नव्हता, तुम्ही मधल्या सुट्टीत तीन दिवस बसविले’ असे लिहावे. आईला लिहिता येत नसेल तर तिने सांगावे आणि मुलीने लिहून घ्यावे. गोलमेज परिषदेच्या वेळी सातारच्या शाळेतील जुन्या शिक्षकांचे आलेले पत्र बाबासाहेबांनी जपून ठेवले होते. पत्राला किंमत नसते आणि ते टिकते.

पुस्तक किंवा साधे पेन द्या. पुस्तकाच्या पहिल्या पानावर मुलाने नाव, इयत्ता व वर्ष लिहावे. त्याहून चांगले म्हणजे शिक्षकांच्या नावाने शाळेच्या ग्रंथालयाला पुस्तके द्यावीत. ती शेकडो मुलांच्या हाती जातात. जयंतीला हारांऐवजी वह्या-पेने आणण्याची रीत अनेक ठिकाणी सुरू झाली आहे, तीच येथेही लागू करा.

घरचे द्या. शेतातील भुईमुगाच्या शेंगा, आईने केलेले लाडू, हाताने शिवलेली पिशवी. घरी जेवायला बोलवा. ज्या समाजाच्या हातचे पाणीही चालत नव्हते, त्याच्या घरी शिक्षक पंगतीला बसतात, यात मोठा अर्थ आहे. मात्र परीक्षा घेतल्यासारखे बोलावू नका, प्रेमाने बोलवा.

शिक्षक कोणत्याही धर्माचे असोत, भेट त्यांच्या उपयोगाची असावी. बावीस प्रतिज्ञा घेतलेल्या घराने देवादिकांच्या मूर्ती भेट म्हणून देऊ नयेत. तसेच दुसऱ्याच्या मनाविरुद्ध आपली श्रद्धाही त्याच्यावर लादू नये. दारू, तंबाखू कोणालाही देऊ नये. रोख रक्कम आणि सोने टाळावे. शासकीय नोकरांवर महाराष्ट्र नागरी सेवा (वर्तणूक) नियम, १९७९ नुसार भेटी स्वीकारण्याबाबत बंधने आहेत, तेव्हा महागडी वस्तू देऊन चांगल्या शिक्षकाला अडचणीत आणू नका.

भिक्खूंना दान देताना चीवर, भोजन, निवास आणि औषध या चार गरजा ध्यानात ठेवा. विनयानुसार भिक्खू सोने-चांदी व पैसा स्वीकारीत नाहीत. रविवारच्या धम्मवर्गात शिकविणाऱ्या बौद्धाचार्यांना सर्वांत मोठी भेट म्हणजे मुलांना वेळेवर आणि न चुकता पाठविणे. त्यांच्या वर्गासाठी फळा, खडू, चटई देता येईल.

शिक्षकच भेदभाव करीत असतील तर?

हा प्रश्न टाळून चालणार नाही. शिक्षक मुलाला जातीवरून टोचून बोलत असतील, मागे बसवीत असतील, तर भेट देऊन त्यांचे मन वळविण्याचा प्रयत्न करू नका. अपमान करणाऱ्याला भेट दिली, की मुलगा एकच शिकतो : आपली पायरी खालची. मैत्रीभाव ठेवा, पण मुख्याध्यापकांकडे लेखी तक्रार करा आणि तिची पोच घ्या. शिक्षणहक्क कायदा, २००९ च्या कलम १७ ने मुलांना शारीरिक शिक्षा व मानसिक त्रास देण्यास मनाई केली आहे. जातीय अत्याचाराविरुद्ध १९८९ चा अत्याचार प्रतिबंधक कायदाही आहे. सिगालोवादातील आचार्यांची पाच कर्तव्ये मागण्याचा शिष्याला हक्क आहे.

घरी चर्चेसाठी प्रश्न

या पंधरवड्यात एका संध्याकाळी सर्वांनी एकत्र बसून या प्रश्नांची उत्तरे शोधा.

१. शिष्याची पाच आणि आचार्यांची पाच कर्तव्ये मुलांना न पाहता सांगता येतात काय?
२. तुम्हाला अक्षर-ओळख कोणी करून दिली? ते आज कोठे आहेत?
३. गेल्या वर्षी शिक्षकांना दिलेली भेट पाच कसोट्यांपैकी कोणत्या कसोटीवर उतरली आणि कोणत्या नाही?
४. आपल्या वस्तीतील कोणत्या शिक्षकांचे आभार मानायचे राहून गेले आहेत?

चौथ्या प्रश्नाच्या उत्तरात जे नाव येईल, त्यांना याच आठवड्यात एक पत्र लिहा, आणि ते मुलाच्या हाताने पोचवा.