बेल्ट बदललाय, पण कुठला?

जुनी गाडी बघायला गेलेला माणूस टायरची नक्षी बघतो, एसी लावून बघतो, दारं आपटून पत्र्याचा आवाज घेतो. आमच्या घराण्यात खिशात चुंबक घेऊन पुट्टी शोधणारे एक मेहुणेही आहेत. टायमिंग बेल्टचं मात्र सहसा कुणी विचारत नाही. तो झाकणाआड असतो, दिसत नाही आणि तुटेपर्यंत बहुधा तक्रारही करत नाही.

मी विचारलं होतं. दीड लिटरची डिझेल एसयूव्ही होती. नाव मुद्दामच सांगत नाही, कारण दोष गाडीचा नव्हता. विकणाऱ्याने तत्परतेने फाइल काढली. एका बिलावर 'बेल्ट बदलला' अशी ओळ आणि पुढे हजाराच्या आतली रक्कम. मीटरवर सत्तर हजारांच्या आतले किलोमीटर. सगळं जागच्या जागी वाटलं आणि व्यवहार झाला.

पुढे एका रविवारी खंबाटकी उतरून सुरूर फाटा मागे टाकला आणि इंजिन बंद पडलं. धडाम नाही, धूर नाही, कुणीतरी चावी फिरवावी तसं. स्टिअरिंग जड झालं, दोन-तीनदा दाबल्यावर ब्रेकही दगड झाला. कशीबशी गाडी डावीकडे घेतली. चावी मारली तर स्टार्टर फिरला, पण नेहमीसारखा दम खात नाही, सुसाट, हलका. डिझेल इंजिन फिरवताना स्टार्टरला जो जोर लागतो तो लागतच नव्हता. हा आवाज एकदा ऐकला की विसरत नाही. मेहुणे म्हणाले, "आणखी एकदा मारून बघा." मागे थांबलेला टेम्पोवाला म्हणाला, "धक्का मारू, होईल चालू." मी मेस्त्रींना फोन लावला. त्यांनी आवाज ऐकवायला सांगितला आणि लगेच म्हणाले, "साहेब, सेल्फ मारू नका आता. धक्का तर अजिबात नको. चावी काढा आणि उचलून आणा."

कारण असं. खाली क्रँक पिस्टन वर-खाली करतो, वर कॅम व्हॉल्व्ह उघडतो-मिटतो. क्रँकच्या दोन फेऱ्यांत कॅमची एकच फेरी व्हायला हवी. हा हिशेब टायमिंग बेल्ट किंवा चेन सांभाळते. दोन हजार आरपीएमला चाललेल्या गाडीत प्रत्येक व्हॉल्व्ह सेकंदाला सोळाच्या वर वेळा उघडतो. बेल्ट तुटला की कॅम थांबतो, काही व्हॉल्व्ह उघडेच राहतात आणि पिस्टन खालून येऊन त्यांना धडकतो. काही पेट्रोल इंजिनांत मधे जागा असते, तिथे नुसता बेल्ट टाकून भागतं. डिझेलमध्ये कॉम्प्रेशनसाठी ती जागाच ठेवलेली नसते, त्यामुळे तिथे ही आशा धरू नये. उघडे व्हॉल्व्ह हवा दाबू देत नाहीत, म्हणून स्टार्टर हलका फिरतो. अशा वेळी पुन्हा सेल्फ मारला तर वाचलेले व्हॉल्व्हही वाकू शकतात.

गॅरेजमध्ये झाकण काढलं. बेल्टचे बोटभर पट्ट्यातले दात साफ गेले होते, आतले धागे केसांसारखे बाहेर आले होते आणि पाठीवर आडव्या भेगा होत्या. हेड उतरवल्यावर पिस्टनच्या माथ्यावर अर्धचंद्रासारखे ताजे घाव, व्हॉल्व्ह वाकलेले. मेस्त्रींनी ते बिल मागितलं, एकदा वाचलं आणि पुढच्या बाजूच्या, अल्टरनेटर फिरवणाऱ्या बेल्टवर बोट ठेवलं. "हा बदललाय. आतला कंपनीतून आलाय तोच आहे." म्हणजे नऊ वर्षांचा.

विकणारा खोटं बोलला असं मी म्हणणार नाही. त्यालाही फरक माहीत नसावा. पण बिल वाचताना रक्कम बघा. टायमिंगचं काम म्हणजे बेल्ट, टेन्शनर, आयडलर बेअरिंग, बऱ्याच गाड्यांत त्याच बेल्टवर फिरणारा वॉटर पंप, कूलंट आणि चांगली मजुरी. हे हजार रुपयांत होत नाही. माझ्या गाडीला मेस्त्रींच्या हिशेबाने वेळेवर पंधरा हजारांच्या आसपास लागले असते. हेड, व्हॉल्व्ह, गॅस्केट, लेथचं काम धरून ते सत्तर हजारांवर गेलं.

दुसरी गोष्ट वयाची. कंपनीच्या पुस्तकात मुदत किलोमीटर आणि वर्षं अशी दोन्ही दिलेली असते आणि जी आधी पुरी होईल ती धरायची. किलोमीटरचा आकडा इंजिनागणिक बदलतो, कुठे साठ हजार तर कुठे एक-दीड लाख, त्यामुळे शेजाऱ्याच्या गाडीचा आकडा आपल्याला लावू नये. रबर मात्र उभ्या गाडीतही म्हातारं होतं. आठवड्यातून एकदा भाजीला जाणारी, कमी चाललेली गाडी म्हणून जी आपण कौतुकाने घेतो तिच्यात हाच धोका असतो. क्रँकच्या किंवा कॅमच्या सीलमधून ऑइल गळत असेल तर मुदतीची वाटच पाहू नका, ऑइल लागलेला बेल्ट लवकर जातो.

"मग चेनवाली गाडी घ्यावी, कटकट नाही," असं बरेच जण म्हणतात. अर्धंच खरं आहे. चेनला बहुधा ठरावीक मुदत नसते, पण तिचं आयुष्य ऑइलवर आहे. तिला ताणून धरणारा टेन्शनर बऱ्याच इंजिनांत ऑइलच्या दाबावर चालतो. ऑइल बदलायला महिनोन्महिने चालढकल केली की चेनचे सांधे झिजतात आणि ती लांबते. सकाळी पहिल्या स्टार्टला दोन-चार सेकंद खडखड ऐकू आली, किंवा चेक इंजिनचा दिवा लागून स्कॅनरवर पी ००१६ हा कोड आला, तर क्रँक आणि कॅमचा मेळ सुटतोय असं समजा आणि चेन तपासून घ्या. बंद गाडीत ऑइलचा दाब नसतो, म्हणून चेनवाल्या गाडीलाही धक्कास्टार्ट शक्यतो टाळावा. चेनचं काम निघालं की ते बेल्टपेक्षा बहुधा महागच पडतं.

आपल्या गाडीत काय आहे हे नावावरून ओळखू नका. जुन्या अकराशेच्या वॅगनआरमध्ये बेल्ट होता, नंतरच्या के-सीरीजमध्ये चेन आली. अडीच लिटरच्या जुन्या इनोव्हात बेल्ट, क्रिस्टाच्या २.४ डिझेलमध्ये चेन. मारुती ८०० बेल्टवर चालायची, १.३ डिझेल स्विफ्ट चेनवर. बेल्ट म्हणजे अलीकडची काटकसर, असंही नाही. जर्मनीतल्या ग्लास कंपनीने १९६२ सालीच १००४ मॉडेलमध्ये तो बसवला होता.

तिसरा प्रकार ऑइलमध्येच बुडून फिरणाऱ्या बेल्टचा. इकोस्पोर्टचं एक लिटर इकोबूस्ट हे त्यातलं आपल्याकडे आलेलं इंजिन. अशा बेल्टला पुस्तकात लिहिलेलं ऑइलच लागतं. दुसरं घातलं तर रबर सुटतं, त्याचा चुरा ऑइलच्या जाळीत अडकतो आणि इंजिन कोरडं पडू शकतं. अशी गाडी असेल तर ऑइलच्या डब्याचा फोटो काढून ठेवा, बिलावर ग्रेड लिहून घ्या.

काम करून घेताना नुसता बेल्ट बदलू देऊ नका, पूर्ण किट घाला. जुना टेन्शनर अडकला की नवा बेल्टही जातो. लॉकिंग पिनची हत्यारं असलेला माणूस गाठा. काही जण व्हाइटनरची खूण करून टायमिंग मिळवतात. जमूनही जातं, पण एक दात पुढे-मागे झाला की गाडी ओढत नाही आणि वर नुकसानही होऊ शकतं. बसवल्यावर क्रँक हाताने दोन फेरे फिरवून मार्क पुन्हा जुळतात का हे तुमच्यासमोर बघायला सांगा. मगच चावी. जुने सुटे भाग मागून घ्या आणि झाकणावर तारीख व किलोमीटर लिहून ठेवा.

विम्याच्या भरवशावर राहू नका. मोटार विम्याच्या नेहमीच्या पॉलिसीत यांत्रिक बिघाड वगळलेला असतो, त्यामुळे बेल्ट तुटून झालेलं नुकसान त्यात बसत नाही. म्हणून जुनी गाडी घेताना टायमिंग किटचं वेगळं, पार्ट नंबरसह बिल मागा. ते नसेल तर बेल्ट मूळचाच आहे असं धरा, त्याचा खर्च किमतीतून कमी करून घ्या आणि गाडी घरी आणण्याआधी मेस्त्रींकडे न्या.