आपल्या गावाचे नाव कोठून आले?



बँकेच्या काउंटरवर बसून मी रोज कितीतरी पत्ते वाचतो. मुक्काम पोस्ट पारनेर, संगमनेर, भिंगार. शेवटी जिल्ह्याचे नाव. ऑक्टोबर २०२४ मध्ये ते अधिकृतपणे 'अहिल्यानगर' झाले. जुन्या पासबुकांवर 'अहमदनगर' आहे आणि बोलताना माणूस नुसते 'नगर' म्हणतो. एकाच शहराची ही तीन नावे. नाव कसे पडते आणि ते तसेच पडले हे कशावरून ठरवायचे, हा प्रस्तुत लेखाचा विषय आहे.

१. तीन अहमदांची कथा

जुन्नरच्या मलिक अहमदने २८ मे १४९० रोजी भिंगारजवळ बहमनी सेनापती जहांगीरखानाचा पराभव केला आणि पुढे त्या परिसरात नवे शहर वसविले. शहराची स्थापना कोणी १४९० ची मानतात, तर कोणी १४९४ ची. राजाचे नाव अहमद, म्हणून अहमदनगर, हे सरळ उत्तर झाले. परंतु दुसरीही एक कथा आहे. राजा अहमद, त्याच्या वजिराचे मूळ नाव अहमद आणि लष्कराचा काझीही अहमद. या तिघांवरून शहराला नाव मिळाले, असे ती सांगते.

कथा ऐकायला गोड आहे. पण गुजरातचे अहमदाबाद १४११ मध्ये वसले, त्या शहराविषयीही चार अहमदांची अशीच कथा सांगतात. एकच कथा दोन गावांना लावलेली आढळली की अभ्यासकाने सावध व्हावे. शिवाय या राजवटीचा इतिहास लिहिणारे फरिश्ता आणि सय्यद अली तबातबाई हे दोघेही शहर वसल्यानंतर सुमारे शंभर वर्षांनी लिहीत होते. म्हणून ती कथा खोटीच, असे म्हणता येत नाही. परंतु तिला पुराव्याची जागा देता येत नाही.

२. 'नेर' म्हणजे काय?

आता शहराबाहेर पडू. पारनेरचे नाव पराशर ऋषींवरून आले असे सांगतात. भिंगारचा संबंध भृंगऋषीशी जोडतात. संगमनेरला मात्र ऋषी शोधावा लागत नाही; प्रवरा आणि म्हाळुंगी यांचा संगम डोळ्यांना दिसतो. पण शेवटचे 'नेर' कोठले? पिंपळनेर, अंमळनेर अशी गावे महाराष्ट्रात इतरत्रही आहेत. अभ्यासक त्याचे मूळ 'नगर' या शब्दात पाहतात. पालीत 'नगर', प्राकृतात 'नयर' आणि पुढे बोलीत 'नेर'. म्हणजे आपण ज्याला नुसते 'नगर' म्हणतो तोच शब्द झिजून पारनेर, संगमनेरच्या शेवटी बसला आहे. शेजारच्या पैठणचेही तसेच आहे. पाली ग्रंथांत ते 'पतिट्ठान' आहे. त्याचेच आजचे रूप पैठण.

यातून एक नियम मिळतो. एकट्या गावाचे नाव घेऊन कथा रचू नये. तशाच शेवटाची दहा नावे शेजारी मांडून पाहावे.

३. जुने लेखन हाच खरा साक्षीदार

दुसरा नियम शेजारच्या नाशिककडून शिकता येतो. शूर्पणखेचे नाक तेथे कापले म्हणून नाशिक, असे कोणी म्हणतात. नऊ शिखरांवरून नाशिक, असेही कोणी म्हणतात. तेथील पांडवलेण्यांतील बौद्ध लेण्यांत सातवाहन राजा कण्ह याच्या काळचा शिलालेख आहे. सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीच्या त्या लेखात हे नाव 'नासिक' असेच येते. त्यामुळे नऊ शिखरांची व्युत्पत्ती सांगणाऱ्याने त्याहूनही जुने रूप दाखविले पाहिजे. अर्थात, या लेखाने नाकाची कथाही सिद्ध होत नाही. एवढेच कळते की नाव प्राचीन आहे.

४. आपले काम

नगरच्या नव्या नावाबाबत पुढच्या पिढीला असा प्रश्न पडणार नाही. ३१ मे २०२३ रोजी चौंडी येथे, अहिल्यादेवी होळकरांच्या जन्मगावी, घोषणा झाली. मार्च २०२४ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने मान्यता दिली. सारे कागदावर आहे.

आपल्या वस्त्यांचे तसे नाही. आपल्यापैकी अनेकांची वस्ती जातीच्या नावाने ओळखली जात असे. ते नाव आपण ठेवले नव्हते. तरी शाळेच्या दाखल्यापासून रेशनकार्डापर्यंत ते आपल्यामागे चालत आले. डिसेंबर २०२० मध्ये राज्य शासनाने अशी नावे बदलून समतानगर, भीमनगर, क्रांतीनगर यांसारखी नावे देण्याचा निर्णय घेतला. कित्येक ठिकाणी तर आपल्या वडीलधाऱ्यांनी त्याच्या फार पूर्वीच फलक लावला होता. तो कोणत्या साली लागला? कोणाच्या घरी बैठक झाली? विरोध कोणी केला? हे सांगणारी माणसे आज ऐंशीच्या घरात आहेत. त्यांच्यामागे उरेल ती कथा, आणि कथेचे काय होते ते आपण वर पाहिलेच.

म्हणून प्रत्येक विद्यार्थ्याने या सुट्टीत एक वही करावी. आपल्या वस्तीचे जुने नाव, नवे नाव, साल आणि सांगणाऱ्याचे नाव त्यात लिहावे. दोघांनी वेगळे सांगितले तर दोन्ही लिहावे. आपल्याला आवडले तेवढेच ठेवू नये. जुनी घरपट्टीची पावती किंवा शाळेचा दाखला मिळाला तर त्याची झेरॉक्स जोडावी. आपल्या आजोबांनी स्वतः निवडलेले नाव पुढे अंदाजाने सांगावे लागू नये, एवढी काळजी आपणच घेतली पाहिजे.