आईवडील विभक्त झाल्यावर मुलांचे काय?



“फादर, लगीन रद्द झाला तर माझ्या पोरांका लोक काय म्हणतले?” विवाहाचे प्रकरण धर्मप्रांताच्या न्यायासनापुढे नेण्याचा विषय निघाला की हा प्रश्न आवाज खाली करून विचारला जातो. या भीतीपोटी काही माता वर्षानुवर्षे गप्प राहतात. म्हणून उत्तर आधी देतो. मुले औरसच राहतात. ख्रिस्तसभेच्या १९८३ च्या कायद्यातील कलम ११३७ तसे सांगते. निदान एका जोडीदाराने जरी तो विवाह खरा मानून शुद्ध भावनेने केला असेल, तरी पुढे तो रद्द ठरल्याने मुलांना कसलाही डाग लागत नाही. कलम ११५४ तर पतिपत्नी विभक्त झाल्यावरही मुलांच्या पोषणाची व शिक्षणाची तजवीज झालीच पाहिजे, असे बजावते.

मात्र मुलांचा ताबा न्यायासन ठरवत नाही आणि त्याच्या निकालाने सरकारदरबारी घटस्फोटही होत नाही. सर्वोच्च न्यायालयाने हे २०१७ मध्ये पुन्हा स्पष्ट केले. त्यासाठी कोर्टातच जावे लागते. आपले जिल्हा न्यायालय ओरोसला आहे. ख्रिस्ती दांपत्यांना १८६९ चा घटस्फोट कायदा लागू आहे. त्याखाली दावा चालू असतानाही मुलांचा ताबा, पोषण व शिक्षण यांविषयी आदेश मागता येतो. पालकत्वाचा वेगळा अर्ज १८९० च्या पालक व पाल्य कायद्याखाली, मूल जिथे नेहमी राहते तिथे करायचा. म्हणजे बाप मुंबईत आणि मूल आईजवळ मालवणात असेल, तर ओरोसलाच.

“मुलगा सात वर्षांचा झाला की बापाचा” असे छातीठोकपणे सांगणारे गावात भेटतात. आपल्याला लागू असलेल्या कायद्यात असे वय ठरवलेले नाही. मुलाचे हित पाहिले जाते आणि मूल समजते असेल तर त्याचे मतही विचारात घेतले जाते. रोझी जेकब या ख्रिस्ती मातेच्या खटल्यात १९७३ साली सर्वोच्च न्यायालयाने म्हटले की मुले ही आईबापांची मालमत्ता नव्हेत, खेळणीही नव्हेत. ताब्याचा आदेश कायमचा नसतो, परिस्थिती बदलल्यास तो बदलून मागता येतो, हेही त्याच निकालात आहे.

आता खरी अडचण. बाप जहाजावर असेल तर दर रविवारची भेट कागदावरच राहणार. त्यापेक्षा त्याच्या रजेतले सलग दिवस ठरवा. ट्रॉलरवरच्या खलाशाला पावसाळी मासेमारीबंदीचे दिवस मोकळे असतात. मे महिन्याची सुट्टी अर्धी अर्धी, गणपतीची सुट्टी एकाकडे, नाताळ एक वर्ष इथे, एक वर्ष तिथे. मुलाला कुडाळ स्टेशनवर कोण आणील, तिकीट कोणाचे, फी व डॉक्टरचा खर्च कोण किती देणार, फोन कोणत्या वेळी, हे सारे लिहून ठेवा. (तोंडी ठरलेले पहिल्याच भांडणात वाहून जाते.) दूरच्या पालकाला व्हिडिओ कॉलवर मुलाशी बोलता यावे, असे २०२० साली सर्वोच्च न्यायालयानेही म्हटले आहे.

पोटगी थकली म्हणून भेट बंद, आणि भेट मिळाली नाही म्हणून पैसे बंद, हा प्रकार आपल्याकडे फार चालतो. पैसेही मुलाचे आणि भेटही मुलाचीच. पोटगी थकली तर दाद कोर्टात मागावी, मुलाला दारात अडवून नव्हे. “तुझ्या बापाशीक सांग, पैसे धाड” असले निरोप मुलाकरवी पाठवू नयेत. विभक्त पालकांनी मुलाला कधीही ओलीस धरू नये, असे पोप फ्रान्सिस यांनी २०१६ च्या आपल्या कुटुंबविषयक पत्रात कळकळीने लिहिले होते. आजीआजोबांनाही हे लागू आहे. कधीकधी तर त्यांनाच जास्त.

प्रथम ख्रिस्तप्रसादाच्या दिवशी दोघांनाही बोलवा. एका बाकावर बसणे जमत नसेल तर दोन बाकांवर बसा, पण मुलाला दोघेही दिसू द्यात.

वकिलाच्या फीची चिंता असलेल्या मातांसाठी: १९८७ च्या विधी सेवा कायद्याखाली स्त्रियांना व मुलांना उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो. ओरोसला जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात किंवा तालुक्याच्या समितीकडे अर्ज करावा. लिहिता येत नसेल तर तोंडी सांगितलेली हकीकत तिथे लिहून घेतात.