विरळणीची कात्री

म्हैसाळ योजनेचं पाणी आलं आणि कवठे महांकाळजवळच्या आमच्या माळावर द्राक्षबाग उभी राहिली. ऑक्टोबर छाटणीनंतर दोनेक महिन्यांनी विरळणी येते. मांडवाखाली उभं राहायचं, हात वर, मनगट वाकलेलं, आणि घडातले जादा मणी कात्रीनं टिपायचे. दिवसभरात कात्री हजारो वेळा मिटते.

पहिल्या हंगामात रात्री जाग यायची. अंगठा आणि त्याच्या शेजारची दोन बोटं बधिर, मुंग्यांनी भरलेली. हात झटकला की बरं वाटायचं. कामाचा शीण समजून मी तेल चोळलं, मनगटाला फडकं आवळलं आणि सकाळी पुन्हा कात्री धरली. दुसऱ्या हंगामात भाकरी थापताना हातात जोर येईना, गुंडी लावता येईना. मिरजेला डॉक्टरांना दाखवलं तेव्हा अंगठ्याच्या बुडाचा मांसल उंचवटा खोलगट झाला होता. मनगटातल्या अरुंद वाटेनं जाणारी शीर दोन हंगाम दबून राहिली होती. छोट्या शस्त्रक्रियेनं त्या वाटेवरचा पट्टा मोकळा केला. मुंग्या गेल्या. झिजलेला स्नायू मात्र पुरता भरून आला नाही.

फडकं आवळणं ही माझी मोठी चूक. दबलेल्या शिरेवर मी आणखी दाब दिला. वेळेत गेले असते तर रात्री मनगट सरळ ठेवणारा पट्टा, कामाला विश्रांती, फार तर एक इंजेक्शन, एवढ्यावर भागण्याची शक्यता होती. मधुमेह किंवा थायरॉईड असेल, तर हा त्रास लवकर गाठतो. ती तपासणीही करून घ्यावी.

प्रत्येक कळ शिरेचीच असते असं नाही. माझ्या जावेला मुंग्या नव्हत्या. अंगठा मुठीत धरून मनगट करंगळीकडं वाकवलं की अंगठ्याच्या बाजूला जीवघेणी कळ यायची. ती सुजलेल्या कंडरांची. तिला पट्टा आणि विश्रांती पुरली.

आता आमच्या बागेत कात्र्यांना रोज धार लावतो, ताठ स्प्रिंगची कात्री कुणाला देत नाही. उंच घडांसाठी पाट ठेवलेत. उक्त्या कामात बायका थांबतच नाहीत, म्हणून विरळणी मी रोजावर देते आणि तासातून दोनदा कात्र्या खाली ठेवायला लावते.

बायांनो, रात्री हात झटकून झोपावं लागत असेल, तर हंगाम संपायची वाट बघू नका. त्याच आठवड्यात डॉक्टरांना मनगट दाखवा.